धर्मसुधारकांचा देव आणि कष्टकऱ्यांचा प्रश्न

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाविषयी जे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात महाराष्ट्रातील संतांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोळाव्या शतकात युरोपात मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या सोबत्यांनी जी धर्मसुधारणा केली, तिच्याच जातीची सुधारणा आपल्याकडे ज्ञानेश्वर-नामदेवांपासून पुढच्या संतांनी केली, असा त्या प्रकरणाचा आशय. तेव्हापासून ही तुलना व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकू येते की वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखी तिची अवस्था झाली आहे. संतांविषयी आपल्याला घरातून, कीर्तनातून, दिंडीतून पुष्कळ ठाऊक असते. परंतु रानड्यांनी दुसऱ्या पारड्यात जे ठेवले, त्या ल्यूथरचे म्हणणे तरी काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. तुलना करायची तर दोन्ही पारड्यांतला माल पाहिला पाहिजे, हे खामगावच्या बाजारात हमाल-मापाड्यांबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

मी पंडित नाही आणि ख्रिस्ती धर्माचा अनुयायीही नाही. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते युनियनच्या कचेरीत दिव्याखाली वाचले. म्हणून ल्यूथरकडे मी ज्या बाजूने पाहतो ती बाजू पंडितांना थोडी तिरपी वाटेल. तेवढी मुभा श्रोत्यांनी द्यावी.

ल्यूथरचा जन्म १४८३ साली जर्मनीतील आइस्लेबेन येथे झाला. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या घरातला. तांब्याच्या खाणींच्या धंद्यात शिरून पुढे भट्ट्यांचा मक्तेदार झालेला. मुलाने वकील व्हावे अशी त्याची इच्छा. परंतु १५०५ साली वादळात वीज जवळ पडली, तेव्हा घाबरलेल्या तरुण मार्टिनने संत ॲनाचा धावा करून संन्यासी होण्याचा नवस बोलला. ही संत ॲना खाणकामगारांची कैवारी मानली जात असे. म्हणजे संकटात तोंडी आले ते बापाच्या धंद्यातलेच दैवत! नवस त्याने पाळला आणि तो ऑगस्टीनच्या पंथाच्या मठात दाखल झाला.

मठात त्याला एकच चिंता जाळीत होती: न्यायी देवासमोर मी पापी माणूस टिकणार कसा? उपास, जागरणे, पापांची कबुली हे सगळे झाले, पण हिशेब काही जुळेना. किती पुण्य केले म्हणजे पुरे, याचे माप कोणी सांगत नव्हते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा अभ्यास करताना त्याला अखेर उत्तर सापडले. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे देव माणसाकडून वसूल करणार असलेले देणे नव्हे, तर देव माणसाला फुकट देतो ते दान होय. माणूस नीतिमान ठरतो तो कर्मांच्या बळावर नव्हे, केवळ विश्वासाने आणि केवळ कृपेने. सत्कर्मे करावयाचीच, परंतु झाडाला फळे लागतात म्हणून करावयाची, मोक्षाचा हप्ता भरण्यासाठी नव्हे. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राचा हा कणा आहे. बाकीचे सगळे यातून निघते.

काय निघते पाहा. कृपा फुकट असेल तर ती विकता येत नाही. आणि त्या वेळी ती विकली जात होती. पापाबद्दलची शिक्षा माफ झाल्याची क्षमापत्रे पैसे घेऊन देण्याची वहिवाट पडली होती. १५१७ साली टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक जर्मनीत ही पत्रे विकत फिरत होता. रोममधील संत पेत्राच्या भव्य देवळासाठी हा निधी, असे लोकांना सांगितले जाई. आतली गोष्ट निराळी होती. आल्ब्रेख्ट नावाच्या सरदारपुत्राने माइन्त्सच्या मुख्य धर्मगुरूचे पद मिळविण्यासाठी रोमला भरलेली रक्कम आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाने काढली होती. क्षमापत्रांच्या उत्पन्नातला अर्धा वाटा रोमला आणि अर्धा या कर्जाच्या फेडीला, असा करार होता. आणि पेटीवर लक्ष ठेवायला फुगरचा माणूस बरोबर असे. आमच्या रात्रीच्या अभ्यासवर्गात मी हे सांगितले तेव्हा एक म्हातारे हमाल म्हणाले, “म्हणजे देवाच्या दारी अडत्या बसला म्हणा की!” मी पुष्कळ पुस्तके चाळली, याहून नेमके वर्णन मला मिळाले नाही.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने या व्यापाराविरुद्ध पंचाण्णव मुद्दे लॅटिनमध्ये लिहून आल्ब्रेख्टला पाठविले. ते त्याने विटेनबेर्गच्या चर्चच्या दारावर ठोकले की नाही याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. ठोकले असोत वा नसोत, छापखान्याने ते काही आठवड्यांत जर्मनीभर नेले. १५२० साली त्याने तीन छोटी पुस्तके लिहिली. त्यांत त्याने मांडले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस याजक आहे. चांभार, लोहार, शेतकरी आणि धर्मगुरू यांच्यात भेद आहे तो कामाचा, दर्जाचा नव्हे. पुढल्या वर्षी वर्म्सच्या दरबारात सम्राटासमोर उभे राहून त्याने आपली पुस्तके मागे घेण्यास नकार दिला. ‘प्रॉटेस्टंट’ हे नाव मात्र त्यानंतरचे, १५२९ सालचे. श्पायर येथील सभेत बहुमताने झालेल्या ठरावाविरुद्ध काही राजांनी आणि शहरांनी लेखी निषेध नोंदविला, त्यावरून ते पडले. निषेधाचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घेण्याचे महत्त्व आम्हा चळवळीतल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

सगळेच याजक, तर मग शास्त्र सगळ्यांना वाचता आले पाहिजे. वर्म्सनंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना ल्यूथरने सुमारे अकरा आठवड्यांत नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते सप्टेंबर १५२२ मध्ये छापले आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. संपूर्ण बायबल १५३४ साली निघाले. भाषा कोठून घ्यावी याविषयी त्याचे मत ठाम होते. घरातली आई, गल्लीतली पोरे आणि बाजारातला साधा माणूस कसा बोलतो ते पाहावे, व तसे लिहावे. यज्ञपशूच्या अवयवांची नावे ठाऊक नव्हती म्हणून त्याने खाटकाकडे जाऊन ती विचारून घेतली, असे सांगतात. इंग्लंडात टिंडेलने हेच काम अंगावर घेतले आणि १५३६ साली त्याला जिवे मारण्यात आले. वाचता येण्यासाठी शाळा हव्या, म्हणून ल्यूथरने १५२४ साली शहरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहून मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, शाळा काढण्याची मागणी केली.

येथे रानड्यांची तुलना सरळ लागू पडते. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे ल्यूथरच्या जन्माआधी सुमारे दोनशे वर्षे. एकनाथ तर ल्यूथरच्याच शतकातले. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला अशी परंपरा आहे. आपल्याकडे छापखाना नव्हता, पण कीर्तन होते. एक सावधगिरी मात्र हवी. लोकभाषा ही काही केवळ प्रॉटेस्टंटांची मिरास नव्हे. फादर स्टीफन्स हे जेझुइट, म्हणजे पोपचे कट्टर निष्ठावंत. त्यांनी गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले.

दुसरी गोष्ट निघाली ती कामाविषयी. मठात जाणे हीच देवाची खरी सेवा, शेत नांगरणे ही कमी प्रतीची, अशी समजूत होती. ल्यूथरने ती उलटविली. मोलकरीण घर झाडते तीही देवाची सेवा आहे, विश्वासाने केलेली असेल तर ती संन्याशाच्या जपाहून उणी नाही, असे तो सांगे. प्रत्येकाचा धंदा ही त्याला देवाने मारलेली हाक आहे. सावता माळ्याचा मळा आणि गोरोबांचे मडके ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवे वाटणार नाही. जिनेव्हाच्या कॅल्विनने या विचाराला शिस्तीची धार लावली. १५३६ साली त्याचा मुख्य ग्रंथ निघाला. कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरविले आहे, असे तो मानी. या मताच्या पुढच्या पिढ्यांनी नेटके काम, काटकसर आणि त्यातून आलेली भरभराट यांत देवाच्या निवडीची खूण शोधली, आणि त्यातून भांडवलशाहीची मनोवृत्ती पोसली गेली, असा सिद्धांत मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडला. त्यावर आजही वाद चालू आहे. मी एवढेच म्हणेन की कामाला देवाची हाक म्हणणे ही दुधारी सुरी आहे. तिने मजुराची मान ताठ होते. आणि मालकाच्या हाती गेली तर पगारवाढ मागणाऱ्याचे तोंडही बंद होते.

झुरिकचा झ्विंग्ली याच्याविषयी थोडक्यात आटोपतो. प्रभुभोजनातील भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते की ती केवळ स्मरणाची खूण आहे, या प्रश्नावर १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि तो समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, पंधराव्यावर नाही, आणि फूट कायम राहिली. संघटनेतल्या लोकांना याचेही नवल वाटू नये.

आता मी मुख्य गोष्टीकडे वळतो. देवासमोर सगळे समान, हे ल्यूथरने सांगितले. ते ऐकणाऱ्यांत दक्षिण जर्मनीतले शेतकरी होते. त्यांतले पुष्कळ जण भूदास होते. धन्याच्या परवानगीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे, लग्न करता येत नसे. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन या गावी त्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या बारा मागण्या छापून निघाल्या. मसुदा केला सेबास्टियन लोट्झर नावाच्या कातडे कमावून फरचे कपडे शिवणाऱ्या कारागिराने. शापेलर नावाचा धर्मोपदेशक त्याच्या साह्याला होता. मी पुष्कळ मागणीपत्रे लिहिली आहेत, पुष्कळ वाचली आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचे हे मागणीपत्र वाचून मी थक्क झालो. पाळक निवडण्याचा व काढण्याचा हक्क गावाला असावा. धान्याच्या दशांशातून पाळकाचा निर्वाह व्हावा, उरलेले गरिबांना द्यावे. ख्रिस्ताने आपले रक्त सांडून धनगरापासून राजापर्यंत सगळ्यांना सोडविले आहे, तर आम्हाला कोणाचे दास का ठेवता? रानातले लाकूड, ओढ्यातले मासे, गावची गायराने सर्वांची असावीत. वेठबिगार वाढवू नये; जादा कामाला मोल द्यावे. खंड जमिनीच्या पिकाप्रमाणे ठरावा. घरचा कर्ता मेला म्हणजे विधवेच्या आणि पोरांच्या घरातून धनी जे ओढून नेतो ते बंद व्हावे. आणि बारावे कलम तर अपूर्वच: यांतली कोणतीही मागणी पवित्र शास्त्राच्या विरुद्ध असल्याचे दाखवून द्या, आम्ही ती सोडून देऊ.

ल्यूथरचीच मापे घेऊन ते ल्यूथरच्या दारी आले होते. त्याने काय केले? एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रकात त्याने आधी सरदारांना झोडपले. तुमच्या लुबाडणुकीनेच ही वेळ आली, असे बजावले. परंतु भूदासपणाविषयीचे कलम त्याने साफ नाकारले. ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, दास असूनही माणूस चांगला ख्रिस्ती होऊ शकतो. तुम्ही देवाच्या राज्याचे रूपांतर जगाच्या राज्यात करू पाहता, असे त्याचे उत्तर. मग उठाव पेटला, किल्ले आणि मठ जळाले, आणि मे महिन्यात त्याने दुसरे पत्रक काढले. बंडखोर शेतकऱ्यांना दिसतील तेथे कापून काढा, असे त्यात राजांना सांगितले होते. राजांना सांगण्याची गरज नव्हती. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे टोमास म्युंट्झर या धर्मोपदेशकाभोवती जमलेल्या शेतकऱ्यांची कत्तल झाली; म्युंट्झरचा छळ करून त्याचा शिरच्छेद केला. उठावात एकंदर सत्तर हजार ते एक लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. दक्षिणेत शेतकऱ्यांविरुद्ध लढलेल्या फौजेला पैसा पुरविणाऱ्यांत फुगर होताच. लोट्झर स्वित्झर्लंडमध्ये पळाला आणि त्यानंतर इतिहासातून नाहीसा झाला.

ल्यूथरची बाजूही सांगितली पाहिजे. तलवारीने शुभवर्तमान पसरत नाही, बंडाने दुर्बळांचाच जास्त नाश होतो, हे तो १५२२ पासून सांगत होता. त्या अर्थी त्याने पाठ फिरविली नाही. म्युंट्झरच्या मार्गाचा शेवट काय झाला हेही उघड आहे. तरी माझे मत असे की पहिल्या पत्रकातला नकार हा दुसऱ्यातल्या शिव्यांपेक्षा गंभीर आहे. शिव्या रागाच्या भरात जातात. नकार विचारपूर्वक होता. आत्म्याची समता एका खोलीत आणि पोटाची विषमता दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये कायमची भिंत, असे घर त्याने बांधून दिले.

भिंत म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला चोखोबा आठवणारच. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून ते इतर मजुरांसह गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, असा काळ परंपरा देते. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती देवळात नव्हे, महाद्वारासमोर. रानड्यांनी आपल्या प्रकरणात चोखोबांना आदराने स्थान दिले, आणि संतांनी जातीचा कडवेपणा सौम्य केला असे नोंदविले. ते खरेच आहे. पण ज्या दारासमोर समाधी, ते दार चोखोबांच्या जातीच्या लोकांना उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि १९५६ साली नागपूरला त्यांनी स्वतः निराळी वाट धरली. तेव्हा रानड्यांची तुलना त्यांच्या मनात होती त्याहूनही एका बाबतीत अधिक खरी ठरते. विटेनबेर्गला आणि पंढरीला, दोन्हीकडे समता उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली.

मेमिंगेनचा प्रश्न आपल्याकडे पुन्हा विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात ल्यूथरच्या वारसांचा थोडा हात होता. कॅरे यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी नवा करार १८११ साली छापला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला गेले. तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा या बाजूला अलायन्स मिशनचे लोक त्या शतकाच्या अखेरीस आले. जोतीराव फुले शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि अहमदनगरच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना मुलींना शिकविण्याची स्फूर्ती मिळाली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. टॉमस पेन आणि कबीर हेही त्यांचे गुरूच. म्हणून सरळ वंशावळ काढू नये. परंतु १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची तत्त्वे पाहा. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको हे तर त्यांत आहेच, आणि दाखला दलालाचाच आहे. जोतीराव तेथे थांबले नाहीत. भटजीबरोबर शेटजीचा आणि सरकारी कामगाराचाही हिशेब त्यांनी मागितला. आत्म्याची खोली आणि पोटाची खोली यांच्यामधली भिंत त्यांनी मानली नाही. त्यांचे आरंभीचे एक मोठे चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील आपल्याच जिल्ह्यातले सत्यशोधक होते, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनला दिला. आठवड्यातून रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. शास्त्रविरुद्ध असेल तर सोडून देऊ, असे कलम त्यात नव्हते. लोखंड्यांना ते घालण्याची गरज वाटली नाही. रविवार हा साहेबांच्या धर्मातला विश्रांतीचा दिवस आणि आपल्याकडे खंडोबाचा वार. मालकांना यायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने कारखान्यांना साप्ताहिक सुटीचे बंधन घातले.